चार आणि एक

आमच्या घरात नारळ मोजताना पाच म्हणत नाहीत. एक, दोन, तीन, चार, चार आणि एक, सहा, अशी आमची मोजणी. आंबे, पणत्या, सुपाऱ्या सरळ मोजतात; पाचव्या नारळालाच काय ते हे सोवळे. दिवाळीच्या आधी करंज्यांसाठी नारळ सोलून पडवीत मांडले, की ही मोजदाद मोठ्याने होते, आणि लहानपणापासून कानांवर पडत आल्यामुळे मला तिच्यात कधी काही वावगे वाटले नाही. गेल्या वर्षी घरात सून आली, ती नाशिकची. पहिल्याच दिवाळीत तिने विचारले, "बाबा, पाचाला काय दोष आहे?" मी काही बोलण्याच्या आत शेजारच्या वहिनींनी पंचप्राण, पंचमहाभूते असे काहीबाही सांगून तिचे समाधान केले. मीही "जुनी रीत आहे झालं" म्हणून विषय मिटवला.

वस्तुतः ती रीत मुळीच नाही. तिचा जन्म १९४२ सालचा आहे, आणि तिचा संबंध देवाधर्माशी नसून सरकारच्या एका कात्रीशी आहे. सुनेला त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर लांबलचक होते. ते आज येथे देतो.

आमचे घर चिंचणीचे. आज बोईसरला गाडीतून उतरले की कारखान्यांच्या वासावरून स्टेशन ओळखता येते आणि तारापूर म्हटले की लोकांना १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आठवते. मी सांगतो आहे तो काळ त्याच्या पाव शतक आधीचा. बोईसरहून चिंचणीला बैलगाडीने यायचे, वाटेत भातशेती आणि पुढे समुद्राच्या बाजूला नारळीच्या वाड्या. त्यांतली एक लहानशी वाडी आमची होती आणि ती गहाण पडली होती. आजोबा अकाली गेलेले, आजी लिहिणे-वाचणे न येणारी, दोन मुलगे. थोरले माझे काका मराठी सातवी झालेले, आणि धाकटे माझे वडील. १९४१ साली काका सैन्यात भरती झाले. देशभक्तीने नव्हे आणि राजभक्तीनेही नव्हे. पगार दरमहा घरी येईल आणि सावकार गप्प बसेल एवढ्यासाठी. त्या युद्धात हिंदुस्थानचे पंचवीस लाख शिपाई लढले. स्वेच्छेने उभी राहिलेली एवढी मोठी फौज जगात दुसरी नव्हती, असे अभिमानाने सांगण्यात येते. त्या स्वेच्छेत गहाणखते किती होती याची नोंद मात्र कोठे वाचायला मिळाली नाही.

आजीला लढाई माहीत होती ती तारापूरच्या किल्ल्यावरून. १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने तो फिरंग्यांकडून घेतला, हे तिने ऐकले होते. लढाई म्हणजे एक किल्ला असतो, त्याची भिंत पडते, की माणसे घरी येतात, अशी तिची समजूत. काका निघाले तेव्हा तिने विचारले, "किल्ला केवढा आहे?" मग विचारले, "भांडण कोणाचं?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काकांना देता आले नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरला असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांनी या देशातल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला विचारले नव्हते.

हिटलरचा पाडाव व्हायला हवा होता, याबद्दल मला शंका नाही. वडिलांनाही नव्हती. परंतु ज्याच्या मुलाला लढायला न्यायचे त्याला "हे भांडण माझे आहे का?" एवढे विचारण्याची मुभा असू नये, हे कोणत्या न्यायाचे? १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा पवनारला उभे राहिले आणि या युद्धाला माणसांनी वा पैशाने मदत करणे योग्य नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. दगड नाही, बाँब नाही, एक वाक्य. चार दिवसांनी त्यांना पकडले आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. जवाहरलाल नेहरू तर फॅसिझमचे किती कट्टर वैरी. त्यांना त्याच सुमारास भाषणांबद्दल चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे हजारो माणसे तेच वाक्य म्हणून तुरुंगात गेली. त्या सत्याग्रहाच्या बातम्यांवरही बंधने आली. युद्धाला नाही म्हणणे हा गुन्हा, आणि कोणी नाही म्हटले हे छापणे हाही गुन्हा. असो.

काकांची पत्रे येऊ लागली. पत्त्यात गावाचे नाव नसे, नुसते आकडे. लिफाफा एका बाजूने फाडून पुन्हा पट्टी लावून चिकटवलेला, त्यावर इंग्रजी शिक्का. आणि आत कागदाला खिडक्या. हा शब्द आजीचा. तपासणाऱ्याने जे शब्द नको वाटले ते पात्याने कापून काढलेले असत. कोठे एखादे नाव गेलेले, कोठे दीड ओळ. "आम्ही सध्या" नंतर खिडकी, "येथे उन्हाळा फार" नंतर पुन्हा खिडकी. कागदाच्या पाठपोट लिहिलेले असल्यामुळे एका बाजूचा शब्द कापला की मागच्या बाजूचा निरपराध शब्दही जाई. एकदा असे झाले, की "माझी" आणि "बरी आहे" यांमध्ये भोक पडले. काय बरी आहे? प्रकृती असणार हे उघड होते. पण आजीने दोन रात्री काढल्या. ती पत्र दिव्यासमोर धरून त्या भोकांतून पाही, जणू पलीकडे मुलगा दिसेल.

त्या कात्रीवाल्याला तिने नाव दिले होते, 'तो मधला'. वडील तिच्या सांगण्यावरून पत्र लिहीत, आणि शेवटी ती न चुकता लिहायला लावी, की मधे हे पत्र वाचणाऱ्या रावसाहेबांना नमस्कार; त्यांच्या घरची मंडळीही सुखरूप असोत. वडील चिडत. ती म्हणे, "आपल्या घरातलं सगळं त्याला ठाऊक. मग त्याला परका कसं म्हणू?" मला वाटते, सेन्सॉरशिपवर याहून नेमके मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही.

जहाज कधी निघणार, पलटण कोठे आहे, हे गुप्त राहायला हवे, इतके कुणालाही पटेल. शत्रूच्या हाती असले पत्र पडले तर माणसे बुडतील. परंतु लढाई लांबली की कात्रीची भूक वाढत जाते. पहिल्या वर्षी जहाजांच्या वेळा लपवाव्या लागतात, चौथ्या वर्षी तांदळाचा भाव लपवावा लागतो. घासलेट मिळेना, कापड मिळेना, तांब्याची नाणी इतकी दुर्मिळ झाली, की १९४३ साली सरकारने मधे भोक पाडलेला पैसा काढला. आजी म्हणाली, "पत्राला भोक, पैशाला भोक. कात्री एकच दिसते." हे सगळे सैन्यातल्या मुलाला कळवायचे नाही, त्याचे मन खचेल. आणि तिकडे मुलाने कळवायचे नाही, घरच्यांचे मन खचेल. अशा रीतीने दोन्हीकडची माणसे एकमेकांना बरी आहोत, बरी आहोत म्हणत राहिली.

मग १९४२ चा ऑगस्ट आला. वडील तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि पालघरला एका नातेवाइकांकडे राहून शिकत होते. ८ तारखेला मुंबईत गोवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला, ९ च्या पहाटे पुढारी पकडले गेले, आणि आमच्या रेल्वेमार्गावर ही बातमी वर्तमानपत्रापेक्षा आधी प्रवाशांच्या तोंडून आली. १४ तारखेला आसपासच्या गावांतून माणसे पालघरला लोटली आणि मोर्चा कचेरीवर तिरंगा लावायला निघाला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण गेले. वडील गर्दीत मधोमध होते. त्यांनी आवाज ऐकला, तो फटाक्यांसारखा वाटला, आणि पुढची माणसे एकदम मागे वळली. याहून अधिक ते सांगत नसत. रुळांच्या कडेने चालत ते रात्री बोईसरला आणि तेथून उत्तररात्री घरी आले, तेव्हा एका पायात वहाण नव्हती आणि ते त्यांना ठाऊकही नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्यांनी शोधले. परंतु ८ ऑगस्टलाच सरकारचा हुकूम निघालेला होता, की चळवळीची बातमी छापायची ती सरकारी सूत्रांकडून वा मान्यता दिलेल्या वृत्तसंस्थांकडून आणि बातमीदारांकडून आलेलीच. अनेक पत्रांनी त्यापेक्षा छपाई थांबवणे पत्करले. गांधींचे 'हरिजन' बंद पडले. २७ ऑगस्टपासून मुंबईत उषा मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीने आणि तिच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर, जे छापता येत नव्हते ते तेथून ऐकू येई. त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास, १२ नोव्हेंबरला, पोलिसांनी तोही पकडला. आमच्या गावात रेडिओ असणार कुणाकडे? गाव मात्र सगळे जाणून होते आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

श्रावण नुकताच लागला होता. बाराच दिवसांनी नारळी पौर्णिमा आली. सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या कोळीवाड्यांत समुद्राला नारळ वाहिले गेले. त्या संध्याकाळी आजी किनाऱ्यावरून परतली आणि वडिलांना म्हणाली, "दादाला कळवायचं."

"कसं कळवणार? कापतील. नुसतं कापणार नाहीत, त्याला तिकडे धरतील."

"तू लिही मी सांगते तसं."

ते पत्र असे होते. आरंभी नेहमीचे आशीर्वाद. मग: "यंदा श्रावणाच्या तोंडी पालघरच्या वाडीत एकाच दुपारी पाच नारळ पडले. वारा नव्हता. पिकलेला त्यांत एकही नव्हता, सगळी शहाळी. तुझा धाकटा भाऊ तेव्हा झाडाखालीच होता. देवाच्या दयेने त्याला लागले नाही." आणि शेवटी रावसाहेबांना नमस्कार.

वडील पुढे आयुष्यभर मराठीचे मास्तर होते, पण या चार वाक्यांत एक शब्द बदलावा असे त्यांना कधी वाटले नाही, असे ते म्हणत.

उत्तर यायला पाच महिने लागले. काका कोठल्या तरी वाळवंटात मोटारी हाकत होते. त्यांनी लिहिले होते: "पाच नारळ पडले म्हणून एवढे मनाला लावून घेऊ नये. उंदरांचे काम असेल, खोडाला पत्रा ठोकावा. धाकट्याने झाडाखाली कशाला उभे राहावे? आणि आपली पालघरला वाडी कुठली? मला काही कळले नाही, खुलासा करावा."

आज हे सांगताना घरात हसू पिकते. तेव्हा आजीच्या हातापायांतले बळ गेले. ज्या प्रश्नाने सारे उघडे पडायचे तो खुद्द मुलानेच, शिक्क्याखाली, काळ्या शाईत विचारला होता. मधल्याने तो वाचला असणार. आता त्याने मागचे पत्र आठवले, की झाले. तिकडे मुलगा सरकारच्या ताब्यात, इकडे धाकटा मोर्च्यातला. खुलासा अर्थातच केला नाही. उलट त्या दिवसापासून तिने घरात दंडक घातला, की नारळ आणि पाच हे दोन शब्द एकत्र उच्चारायचे नाहीत. पोस्टमन ऐकेल, गडी ऐकेल, भिंत ऐकेल. बाजारात नारळ विकायला बसली तरी ती "चार आणि एक" म्हणे. गिऱ्हाइकांना वाटे, बाई अडाणी आहे, हिला पाच येत नाहीत.

धाड काही आली नाही. काकांची पत्रे पूर्वीसारखीच खिडक्यांसकट येत राहिली. मधल्याला समजले नाही, की समजून त्याने सोडून दिले, यावर आमच्या घरात पुष्कळ वर्षे दोन पक्ष होते.

पुष्कळ वर्षांनी मला एक गोष्ट वाचायला मिळाली. मध्यपूर्वेतल्या हिंदी फौजेची पत्रे तपासणारे अधिकारी नुसते कापत नव्हते. ते दर पंधरवड्याला त्या पत्रांतले उतारे इंग्रजीत उतरवून वरिष्ठांना अहवाल देत असत: शिपायांचे मन कसे आहे, घरच्या महागाईची त्यांना किती काळजी वाटते, गावाकडची उपासमार ऐकून ते किती अस्वस्थ आहेत. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. म्हणजे जे आईला आणि मुलाला एकमेकांपासून लपवायचे, ते सरकारला मात्र दर पंधरा दिवसांनी नीट टिपून कळत होते. ज्या वर्षी बंगालात सुमारे तीस लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली, त्या वर्षीही. त्याच्या आदल्या वर्षी, जपानी येतील म्हणून, तिथल्या किनाऱ्यावर दहापेक्षा अधिक माणसे नेणाऱ्या होड्या सरकारने काढून घेतल्या होत्या किंवा मोडल्या होत्या. सातपाटीच्या कुणालाही विचारा, होडी गेली म्हणजे काय गेले. दुष्काळ आहे हा शब्द उच्चारायला सरकार तयार नव्हते. २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने, तेही इंग्रजांचेच पत्र, रस्त्यांवरच्या उपाशी माणसांची छायाचित्रे छापली तेव्हा जगाच्या डोळ्यांपुढे ते आले.

काका १९४६ साली परतले. वडील त्यांना बोईसरला आणायला गेले होते. बैलगाडीत थोडा वेळ गेल्यावर काकांनी पहिला प्रश्न केला तो हा, "ते पालघरच्या नारळांचं काय होतं रे?" वडिलांनी सांगितले. मग अर्धा रस्ता दोघेही बोलले नाहीत. चिंचणी जवळ आल्यावर काका म्हणाले, "आणि मी लिहिलं, पत्रा ठोका."

दर १४ ऑगस्टला वडील पालघरला जात. तेथे हुतात्मा चौक आहे, लोकांच्या तोंडी पाचबत्ती. सारे गाव पाच हा आकडा उघड उच्चारते, त्याचे दिवे लावते. आमच्याच घरात तो दबून राहिला होता. काका मात्र जात नसत. त्यांना कोणी काही म्हटले नव्हते. गोळ्या पोलिसांनी झाडल्या, फौजेने नव्हे, हेही वडील त्यांना समजावत. ते म्हणत, "पगार एकाच तिजोरीतला."

१९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. काका ओटीवर बसून वर्तमानपत्र वाचत, आणि मधेच ते उजेडाकडे धरून पाहत. मी विचारले, काय पाहता? "खिडक्या कुठे आहेत ते पाहतो," म्हणाले. लढाई महिनाभरात थांबली. तिच्यासाठी २६ ऑक्टोबर १९६२ ला पुकारलेली आणीबाणी उठली ती १० जानेवारी १९६८ ला, आणि तिच्यासोबत इंग्रजांच्याच नावाचा 'भारत संरक्षण' कायदाही एवढी वर्षे नांदला. त्या पराभवाची चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स यांचा अहवाल सरकारने अजूनही प्रसिद्ध केलेला नाही. साहेब गेला, मधला राहिला, आणि तो आता आपलाच माणूस आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी, १९६३ च्या ऑगस्टमध्ये, वडील तापाने अंथरुणाला खिळलेले. घरातून कोणी तरी पालघरला जायला हवे म्हणून काका मला घेऊन निघाले. पाऊस होता. लोक छत्र्या मिटून उभे राहिले. काकांचा उजवा हात सवयीने कपाळाकडे निघाला, मधेच थांबला, आणि मग त्यांनी दोन्ही हात जोडले. परतताना गाडीत त्यांनी मला ही नारळांची गोष्ट प्रथम सांगितली आणि बजावले, की आजीसमोर काढू नकोस, ती अजून भिते. युद्ध संपून अठरा वर्षे झाली होती.

आजी गेली, काका गेले, वडीलही गेले. मोजणी तेवढी राहिली. या वर्षी सुनेने दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरची काकांची लोखंडी पेटी खाली काढली, आणि मला आता उत्तर चुकवता येईना. तिला मी सारे सांगितले. पेटीत घरून गेलेली पत्रे होती. पलटण हलली, गाव बदलले, पण त्यांनी ती सगळी परत आणली होती. त्यांत नारळांचे पत्रही निघाले. कागद पिवळा पडला आहे, वडिलांचे अक्षर शाळकरी. "वारा नव्हता" या दोन शब्दांखाली पेन्सिलीची एक बारीक रेघ आहे. ती काकांची म्हणावी, तर बाकी कुठल्याच पत्रावर त्यांनी रेघ मारलेली नाही.

सुनेने ते पत्र हातात घेतले आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरले. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "बाबा, यात काहीच कापलेलं नाही."

मी म्हटले, "नाही."